पायऱ्या किती, ते सांगा

वाराणसी कॅन्टोन्मेंटला बदली झाल्यापासून पाहुण्यांना तोटा नाही. काशी कुणाला नको? पण येणारा जुना सोबती चाकाच्या खुर्चीवर असला, की दर्शनाआधी जेवायची जागा शोधावी लागते.

नमो घाटावर रॅम्प आहे. कचोरी गल्लीत मात्र दुकानाला ओटा असतोच. सहा इंचांची एक पायरी धरली, तरी 1:12 च्या उताराला सहा फूट रॅम्प हवा. तेवढी जागा गल्लीत आणायची कुठून? तिथल्या हलवायावर माझा राग नाही. बिचारा कचोरी-जिलबीचा दोना बाहेर आणून देतो.

राग आहे तो नव्या, ऐसपैस हॉटेलांवर. फोन केला की ठरलेलं उत्तर: "आइए साहब, चार लड़के उठा लेंगे." अहो, जखमीला उचलतात, जेवायला आलेल्या माणसाला नाही! खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमधले आमचे जवान त्याच खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात. त्यांना खांदे नकोत, सपाट वाट हवी. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, हे मालकांना कोण सांगणार?

आता मी "व्हीलचेअर येते का?" असं विचारतच नाही. पायऱ्या किती? दार 90 सेंटीमीटर रुंद आहे? टेबलाखाली गुडघे जातात? आणि स्वच्छतागृहाचं दार? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक फोन गप्प होतात. मग मी पुढचा नंबर लावतो.