पणती कुणाच्या नावाची?

धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे वात करून एक पणती ठेवतो. ती यमासाठी. ऐन सणाच्या तोंडावर मरणाची आठवण ठेवायची ही रीत वाडवडिलांनी उगीच नाही घालून दिली. साधारण याच सुमारास पोलंडात घरोघरची माणसे दफनभूमीकडे निघतात. १ नोव्हेंबर हा त्यांचा सर्व संतांचा दिवस. अंधार पडला की थडग्याथडग्यांवरच्या दिव्यांनी सारे आवार उजळून निघते.

पण ज्याचे थडगेच परमुलखात, त्याच्या नावाचा दिवा कुणी लावायचा?

इंग्लंडात नॉटिंगहॅमशायर परगण्यात ट्रेंट नदीकाठी न्यूअर्क नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या आसपास कितीतरी विमानतळ होते आणि त्यांतल्या काहींवर पोलिश विमानदळाच्या तुकड्या होत्या. १९३९ साली जर्मनी आणि रशिया यांनी पोलंड वाटून घेतला, तेव्हा ही पोरे रुमानिया, फ्रान्स अशी मजल दरमजल करीत इंग्लंडात पोचली. रात्री बाँबफेकी विमान घेऊन पाचसहा जण निघत. वैमानिक, दिशादर्शक, बिनतारीवाला, तोफची. मरण आले तर बहुधा सर्वांना एकदमच. न्यूअर्कच्या दफनभूमीत त्यांच्यासाठी वेगळी जागा राखली गेली. १९४१ मध्ये तेथे क्रूस उभा राहिला. आज तेथे सुमारे ४०० पोलिश थडगी आहेत.

युद्ध जिंकले, पण ज्यासाठी ते लढले तो देश काही मोकळा झाला नाही. तो रशियाच्या टाचेखाली गेला. १९४६ साली लंडनला विजयाचे संचलन झाले. मूठभर पोलिश वैमानिकांना आमंत्रण होते. आपल्या इतर सैनिकांना बोलावले नाही म्हणून तेही गेले नाहीत!

जिब्राल्टरला १९४३ साली विमान अपघातात गेलेले त्यांचे पंतप्रधान, जनरल सिकोर्स्की, यांनाही न्यूअर्कलाच पुरले होते. पोलंड मोकळा झाल्यावर, १९९३ मध्ये, त्यांचे अवशेष क्राकूवला नेले. येथेच विसावलेले तीन परागंदा अध्यक्ष, त्यांत राच्किएविच आणि झालेस्कीही, २०२२ मध्ये वॉर्सात पोचले. मोठी माणसे घरी गेली. साधे वैमानिक तेथेच राहिले. त्यांच्यासाठी दरवर्षी ऑक्टोबरअखेर न्यूअर्कला स्मरणाचा कार्यक्रम होतो. जेथे ना नाते ना गोते, तेथे एका गावाने आपलेपणा धरला, तो इतकी वर्षे सोडला नाही.

वाचकहो, ही गोष्ट दूरची वाटते ना? मग कोल्हापूरकडे वळा. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुले. कित्येकींचे नवरे, भाऊ पोलिश सैन्यात दूरदेशी लढत होते. छावणी मोडली, माणसे इंग्लंडात आणि कुठे कुठे पांगली. पण येथे वारलेल्यांना कोण नेणार? त्यांची थडगी कोल्हापुरातच आहेत.

न्यूअर्ककरांनी त्यांच्या वाट्याचे काम केले. आपल्या वाट्याचे काही फार अवघड नाही. एक जादा पणती, थोडे तेल आणि तेथवर चालत जाण्याइतकी सवड.