सुमित्रा भावे गावाला कळत नाहीत, असं कोण म्हणालं?

१९ एप्रिल २०२१ ला सुमित्रा भावे गेल्या. त्या दिवशी मीही स्टेटस टाकलं होतं. त्यांचा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि एक ओळ : संवेदनशील दिग्दर्शिका हरपली. तेव्हा मी त्यांचा एकही सिनेमा पूर्ण पाहिलेला नव्हता. हे आधीच कबूल करते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि त्या यादीत पहिला नंबर माझाच आहे.

मी इंदापूर तालुक्यातली, निमगाव केतकीच्या जवळची. कॉलेज बारामतीला, रोज एसटीने. सिनेमा बघायचा म्हणजे बारामतीलाच बघायचा. तिथे मी सुमित्रा भावेंच्या सिनेमाचं पोस्टर कधी पाहिलं नाही. 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं ते २०१७ मध्ये. देशातला त्या वर्षीचा सगळ्यात चांगला सिनेमा मराठी निघाला, ही बातमी आमच्या घरी पेपरात आली. सिनेमा आला नाही.

सुवर्णकमळ मिळालेले मराठी सिनेमे मोजायला एका हाताची बोटं पुरतात. अत्र्यांचा 'श्यामची आई', मग थेट पन्नास वर्षांनी 'श्वास', मग 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव'. या पाचांत दिग्दर्शक म्हणून बाईचं नाव फक्त 'कासव'वर आहे, सुनील सुकथनकरांच्या नावाशेजारी. 'देऊळ'ची वाक्यं आमच्याकडे पारावर म्हणतात. 'कासव'चं नाव घेतलं तर पोरं विचारतात, कार्टून आहे का.

२०२३ च्या ८ मार्चला आमच्याकडे महिला दिनाचा कार्यक्रम ठरत होता. मी म्हटलं, 'दोघी' दाखवू या. समितीतल्या एकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी स्टेजवर दहावा घालायला सांगितलंय. "अगं, रडकं नको. आणि असलं आपल्याकडच्या लोकांना कळत नाही. ते पुण्यात ठीक आहे." मग रांगोळी स्पर्धा झाली, फेटे बांधून फोटो झाले, एका पाहुण्या बाईंनी जिजाऊ-सावित्रीवर वीस मिनिटं भाषण केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. 'आपल्याकडच्या लोकांना कळत नाही' हे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही. ज्यांनी ते म्हटलं त्यांनी तरी 'दोघी' पाहिला होता का? मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

कारण 'दोघी' आपल्याकडच्याच लोकांचा आहे. १९९५ चा सिनेमा. गाव, दोन बहिणी. थोरलीचं लग्न मोडतं ते अपघाताने, आणि मग घर जगवायला ती मुंबईला जाते. तिच्या पैशावर घर उभं राहतं आणि त्याच घराला तिची लाज वाटायला लागते. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी या दोघी बहिणी, उत्तरा बावकर आई. यातलं नेमकं काय गावाला कळणार नाही? पोरीचे पैसे चालतात आणि पोर चालत नाही, हे? हे आम्हाला इतकं कळतं की मोठ्याने बोलत नाही.

सुमित्राताईंनी हातात कॅमेरा का घेतला, हे समजून घेतलं की या 'कळत नाही'चा खोटेपणा उघडा पडतो. त्या काही फिल्म इन्स्टिट्यूटमधून आल्या नव्हत्या. समाजकार्य शिकलेल्या आणि पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवणाऱ्या. ऐंशीच्या दशकात 'स्त्रीवाणी' प्रकल्पात त्या वस्त्यांमधल्या बायका स्वतःकडे कशा बघतात, याचा अभ्यास करत होत्या. असा अभ्यास झाला की अहवाल होतो, सेमिनार होतं, चहा-बिस्किटं होतात. पण ज्या बायकांनी आपलं आयुष्य उलगडून सांगितलं, त्यांना तो अहवाल वाचता येणार नव्हता. मग त्यांचंच त्यांना परत कसं द्यायचं? या अडचणीतून १९८५ मध्ये 'बाई' ही छोटी फिल्म झाली. तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी 'पाणी' आली, खेड्यातल्या बायकांची पाण्यासाठीची धडपड.

म्हणजे बघा. ज्या बाईने सिनेमा हे माध्यमच यासाठी निवडलं की न शिकलेल्या बायकांना कळावं, तिच्या सिनेमाबद्दल आपण म्हणतो की तो न शिकलेल्यांना कळत नाही.

बारामती म्हटलं की बाहेरच्यांना कालव्याचं पाणी आणि हिरवागार ऊस दिसतो. सुप्याकडच्या जिरायती पट्ट्यात जाऊन या एकदा उन्हाळ्यात. एका तालुक्यात दोन देश आहेत. 'पाणी' तिथे समजावून सांगायला कुणा समीक्षकाची गरज पडणार नाही.

आता कुणी म्हणेल, त्यांच्यावर अन्याय कसला? राष्ट्रीय पुरस्कार किती मिळाले बघ. बघितले. 'बाई'ला मिळाला, 'दोघी'ला मिळाला, कूळकायद्यानंतर उतरणीला लागलेल्या घराचा 'वास्तुपुरुष' त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी सिनेमा ठरला, 'अस्तु'च्या संवादांसाठी त्यांना स्वतःला मिळाला. माझी तक्रार तीच आहे. आपण त्यांना पुरस्कार दिले आणि सुटलो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शाल-श्रीफळ देऊन कोपऱ्यात बसवतात, तसं. 'संवेदनशील' हा शब्द त्या शालीवरची जर आहे. पुरुष दिग्दर्शकाला आपण 'दमदार' म्हणतो, 'भिडणारा' म्हणतो, त्याच्या शॉटबद्दल बोलतो. बाई असली की ती संवेदनशील. सिनेमातली माणसं त्यांना प्रेमाने मावशी म्हणायची, ते त्यांचं आपसातलं. प्रेक्षकाने आणि पेपरवाल्यांनीही मावशीच म्हटलं की त्यांच्या कामाची कारागीर म्हणून चिकित्सा करायची जबाबदारी संपते.

(आमच्या बारामतीला हे नवीन नाही. २०२४ च्या लोकसभेला इथल्या दोन्ही मुख्य उमेदवार बायका होत्या. सगळ्या महाराष्ट्रात चर्चा कुणाची, तर काका-पुतण्याची.)

चिकित्सा करायची तर मीही करते. त्यांचे सगळे सिनेमे सारखे नाहीत. 'नितळ' कोडावर आहे. त्यात पात्रं कधी कधी एकमेकांशी न बोलता आपल्याशी बोलतात, समजावून सांगतात. शिकवायची सवय लपत नाही. 'देवराई'त ती अडचण येत नाही, कारण अतुल कुलकर्णींचा शेष आजाराबद्दल सांगत नाही, तो त्या आजाराच्या आत आहे आणि आपल्यालाही आत ओढतो. 'एक कप च्या'मध्ये तर मजा आहे. कोकणातल्या एसटी कंडक्टरला भरमसाट वीजबिल येतं आणि तो माहितीचा अधिकार वापरून ऑफिसाच्या पायऱ्या झिजवतो. महावितरणचं बिल हातात धरून बोंबलणारा माणूस इंदापुरात दर गल्लीत आहे. हा सिनेमा आमच्याकडे हसत हसत चालला असता. पण तो इथवर पोचवायचा कोणी, हा प्रश्न कुणाचाच नव्हता.

इथे मला एका दुसऱ्या बाईबद्दल सांगायचंय. सुमित्रा भावे गेल्या त्याच वर्षी, फेब्रुवारीत, ट्युनिशियाच्या मुफिदा त्लात्ली गेल्या. मला त्यांचं नाव एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर कळलं. या बाई पॅरिसला सिनेमा शिकल्या आणि मग कितीतरी वर्षं दुसऱ्यांचे, बहुतेक पुरुषांचे, सिनेमे एडिट करत बसल्या. पुढे आईला अल्झायमर झाला, ती बोलेनाशी झाली. आईला विचारायचं राहून गेलेलं सगळं घेऊन त्यांनी पहिला सिनेमा केला, १९९४ मध्ये. तेव्हा वय ४७. 'सायलेन्सेस ऑफ द पॅलेस' हे त्याचं इंग्रजी नाव. राजवाडा नावालाच, सिनेमा खरा घडतो खालच्या स्वयंपाकघरात. तिथे मोलकरणी भाजी निवडतात, गाणी म्हणतात, आणि वरच्या मजल्यावर काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी बोलत नाही. सबटायटल्स नसती तरी मला कळलं असतं. आमच्याकडे लग्नघरात चुलीजवळच्या बायका असंच गप्प राहतात.

कान महोत्सवात त्या सिनेमाचं कौतुक झालं. तरीही आयुष्यात मिळून त्यांचे सिनेमे किती, तर तीन. दुसरा २००० चा, 'द सीझन ऑफ मेन', म्हणजे पुरुषांचा हंगाम. जेर्बा बेटावरचे नवरे वर्षाचे अकरा महिने राजधानीत धंदा करतात, एक महिना घरी येतात. बायकोला सोबत न्यायचं तर अट काय, मुलगा झाला पाहिजे. हंगाम हा शब्द वाचून मला आमचा रस्ता आठवला. दिवाळी झाली की बीडकडून ट्रक येतात, कारखान्यांच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडतात. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या एका कोयत्याची. बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि तोही तिच्या नावावर नाही. त्लात्लींना हे माहीत असायचं कारण नव्हतं. पण तो सिनेमा पाहताना मला समजावून सांगायला कुणी लागलं नाही, आणि आमच्या कोपीतल्या बाईलाही लागणार नाही.

आता आजीचं सांगते.

'दिठी' सुमित्रा भावेंचा शेवटचा सिनेमा. त्या गेल्यानंतर महिन्याभरात, २१ मे २०२१ ला, सोनी लिव्हवर आला. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा. रामजी लोहार, वारकरी. तरणा मुलगा नदीत गेला, आणि त्याच सुमाराला सुनेला मुलगी झाली. रामजीला ना सून नको होते ना नात. तोंडात विठ्ठल आहे, पण आत सगळं विझलंय. अशात पावसातल्या रात्री त्याला निरोप येतो, गाय अडलीय, चल.

ते वारीचं दुसरं बंद वर्ष होतं. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण नाही, बेलवाडीला घोडा धावला नाही. पादुका एसटीने गेल्या. आमच्या घरी दरवर्षी पालखीच्या दिवशी पिठलं-भाकरी करतात, दारात दोन-अडीचशे माणसं जेवून जातात. त्या वर्षी दार बंद. आजी नुसती येरझाऱ्या घालत होती. मी फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि 'दिठी' लावला. आजी, आई आणि चुलती. मला वाटलं, दहा मिनिटांत उठतील. पहिल्यांदा आजी म्हणालीसुद्धा, "लई हळू बोलत्यात गं."

मग गाय अडली आणि आजी पुढे सरकली. रामजीने हात घातला तेव्हा ती पडद्यातल्या माणसाला सांगायला लागली, "आरं, दमानं. ओढू नगंस, कळ येऊ दे." सिनेमा संपला तरी कुणी उठलं नाही. आजीचा एक मुलगा, माझा मोठा चुलता, विहिरीत गेलेला. माझ्या जन्माच्या आधी. घरात त्याचं नाव निघत नाही. त्या दिवशी ते निघालं. आजीनेच काढलं. तो कसा पोहायचा, त्याला काय आवडायचं. आई वीस वर्षं त्या घरात आहे, तिनेही यातलं बरंचसं पहिल्यांदा ऐकलं.

नंतर आजीने विचारलं, "कुणी काढलाय ह्यो पिच्चर?"

"एक बाई होत्या. पुण्याच्या."

"पुण्याची न्हाई वाटत." मग जरा थांबून, "होत्या म्हंजी?"

मी सांगितलं, गेल्या, दोन महिने झाले.

"मग आधी का न्हाई दावला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि 'गावाला कळत नाही' म्हणणाऱ्यांकडेही नसावं. वितरकाला गल्ला दिसला नाही. थिएटरवाल्याला वितरक दिसला नाही. आम्ही कॉलेजातली पोरं, आम्हाला तो पुण्याच्या फेस्टिव्हलमधल्या पासवाल्यांचा मामला वाटला. प्रत्येकाचं कारण आपापल्या जागी बरोबर, आणि सगळ्यांचं मिळून आजीला छत्तीस वर्षं काही दिसलं नाही. 'बाई' आली तेव्हा तिचं वय आजच्या माझ्या आईएवढं होतं.

तुम्ही हे फोनवर वाचताय. दर १९ एप्रिलला स्टेटस टाकणाऱ्यांत तुम्हीही असाल. नका टाकू. त्याऐवजी फोन तांब्याला टेकवा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा. ती मध्येच उठून गेली तर मला खुशाल शिव्या घाला.

आम्ही चार-पाच जण मिळून यंदा पालखी मुक्कामाला आली की शाळेच्या पटांगणात 'दिठी' दाखवायचं म्हणतोय. निर्मात्यांकडे परवानगीची मेल गेलीय, उत्तराची वाट बघतोय. तोपर्यंत बाकीची जमवाजमव चालू आहे. मंडपवाल्याने पांढरं कापड फुकट द्यायचं कबूल केलं. प्रोजेक्टर बारामतीहून भाड्याने आणावा लागेल, त्याची वर्गणी काढतोय. पहिले शंभर रुपये आजीने दिले आणि बजावून सांगितलं, ऐकू कमी येतंय, खुर्ची पुढची पाहिजे.