काडतुसाचे मेण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, जेथे बंदूक बाळगणे हा नागरिकाचा घटनादत्त अधिकार मानला जातो, तेथे घरच्या घरी शिसे वितळवून आणि साच्यात ओतून आपल्या नेमबाजीपुरत्या गोळ्या आपणच तयार करणाऱ्या हौशी लोकांचा मोठा वर्ग आहे. आणि या विद्येत नव्याने पाऊल टाकणाऱ्याला शिसे वितळवण्याहूनही अधिक गोंधळात पाडणारी जी दोन कामे असतात, ती म्हणजे गोळीला वंगण देणे आणि तिचा व्यास मापात आणणे. साच्यातून निघालेली गोळी दिसायला सुबक असली तरी नेमकी वर्तुळाकार नसते, म्हणून सोनार जशी तार पोलादी पट्टीच्या छिद्रातून ओढून बारीक करतो, तशी ती एका ठरावीक छिद्रातून दाबून काढावी लागते. आणि ते छिद्र बहुधा बंदुकीच्या नळीतील खाचांच्या व्यासापेक्षा इंचाच्या एक हजारांशाने मोठे ठेवतात. वंगणाचे प्रयोजनही असेच सूक्ष्म आहे. उघडे शिसे वेगाने नळीतून गेले की त्याचा पातळ थर नळीच्या पोलादावर चढतो आणि दोन-चार डझन बारांनंतर नेम बिघडू लागतो; म्हणून गोळीच्या अंगावरील कंगोऱ्यांत मेण भरायचे. या मेणाचे नाना पाठ आहेत, पण त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे निम्मे मधमाशांचे मेण आणि निम्मे अ‍ॅलॉक्स नावाचे, खनिज तेलापासून काढलेले द्रव्य.

आपल्या देशात 1959 च्या शस्त्र अधिनियमाने विनापरवाना दारूगोळा बनवण्यास बंदी असल्याने हा छंद मराठी वाचकाच्या अनुभवकक्षेबाहेरचा आहे, आणि तो आत आणावा असे माझे म्हणणेही नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्या छांदिष्टाच्या स्थितीतील एकच गोष्ट: आपल्या बोटांना लागलेले हे मेण कशाचे आहे, ते त्याला ठाऊक असते. ज्या मनुष्याला ते ठाऊक नव्हते, ज्याने ते विचारले, आणि ज्याला त्याचे सरळ उत्तर देण्यास एका साम्राज्याच्या दप्तरात कागदाचा एक कपटाही सापडला नाही, त्या मनुष्याविषयी, 1857 च्या उठावातील देशी शिपायाविषयी, मला आज लिहावयाचे आहे.

1853 सालची एन्फिल्ड रायफल ही कोकणातल्या शेतकऱ्याच्या परिचयाच्या ठासणीच्या बंदुकीचीच सुधारलेली बहीण होती. दारू व गोळी तोंडाकडून घालून गजाने ठासायची, हे दोहींत समान. परंतु एन्फिल्डच्या नळीत आतून तीन सर्पिल खाचा होत्या, आणि त्या खाचांत घट्ट बसून फिरत बाहेर पडण्यासाठी गोळीचा मेळ नळीशी फार जवळचा असावा लागे. नळीचा व्यास 0.577 इंच आणि गोळीचा 0.568 इंच, मधले जे केसभर अंतर, ते काडतुसाच्या कागदाने भरून काढायचे. काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन काजळी म्हणून मागे राहतो, आणि ती काजळी वाळून कडक झाली म्हणजे एवढ्या तंग नळीतून पुढची गोळी गजाने खाली जाईनाशी होते. ही काजळी मऊ राहावी आणि कागदात गुंडाळलेली गोळी सुरळीत सरकावी, यासाठी काडतुसाचे गोळीकडचे टोक चरबी व मेण यांच्या मिश्रणात बुडवून काढत. शिपायाने दातांनी फोडायचे ते टोक मात्र दुसरे, दारूकडचे. दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करायचे, वंगणाचे टोक आत घालायचे, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गज मारायचा, अशी ती कवायत.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की मग चरबी तोंडाला लागण्याचा प्रश्नच कोठे होता? प्रश्न होता, आणि तो पदार्थविज्ञानाचा होता. मधमाशांचे मेण साधारण 62 ते 64 अंशांवर वितळते; जनावराची चरबी त्याच्या फार अगोदर पाघळते. विलायतेच्या हवेसाठी ठरवलेले, चरबीचे प्रमाण मोठे असलेले मिश्रण हिंदुस्थानच्या उन्हात, कातडी पोतडीत, शिपायाच्या अंगाच्या उष्म्याला लागून आपल्या जागी राहील याची हमी कोण देणार? ही शंका सरकारलाही होती. 1853 साली काडतुसे इकडे आणवून कलकत्ता, कानपूर व रंगून येथे शिपायांच्या पोतड्यांत मुद्दाम ठेवून पाहिली, ती एवढ्याचसाठी की ऊन-पावसाने वंगणाचे काय होते ते कळावे. त्याच साली बंगाल सैन्याचे अ‍ॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी लेखी इशारा दिला होता की, या वंगणात जातिधर्माला बाधक असे काही नाही याची शहानिशा झाल्यावाचून ती काडतुसे देशी पलटणींच्या हाती देऊ नयेत. वंगण वितळते की नाही याची चौकशी झाली. ते कशाचे आहे याची झाली नाही. टकरांचा तो कागद दप्तरात राहिला. काही वर्षांनी कलकत्त्याच्या शस्त्रागारात याच जातीची काडतुसे तयार होऊ लागली, तेव्हा चरबी पुरवणाऱ्या मक्तेदारावर ती अमुक जनावराची असू नये अशी अटच घातलेली नव्हती, ही गोष्ट पुढे सरकारी अधिकाऱ्यांनाच कबूल करावी लागली.

1857 च्या जानेवारीत डमडम येथे दारूखान्यातील एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले, शिपायाने जातीकडे बोट दाखवून नकार दिला, आणि खलाशाने त्याला उत्तर दिले की, गाई-डुकरांच्या चरबीची काडतुसे दातांनी फोडशील तेव्हा तुझी जात कोठे राहील. ही हकीकत त्या महिन्याच्या 22 तारखेच्या अहवालातून वरिष्ठांपर्यंत पोहोचली. सरकार हलले, आणि वाटते त्यापेक्षा लवकर हलले. आठवडाभरात हुकूम सुटला की काडतुसे बिनवंगणाची द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून आपल्या पसंतीचे साहित्य आणून ती स्वहस्ते माखावीत. घरी गोळी ओतणाऱ्या आजच्या छांदिष्टाला जी मोकळीक जन्मतः मिळते, ती शिपायाला हुकमाने मिळाली. पण तोवर विश्वासाचे मूळ तुटले होते. फेब्रुवारीत बराकपूरच्या चौकशीत शिपायांनी वंगणाची गोष्ट बाजूला ठेवून कागदावरच संशय घेतला, की हा कागद चकाकतो, हा जळताना चरचरतो, यातच चरबी असली पाहिजे. कागदात चरबी नव्हती. एप्रिलच्या 24 तारखेस मेरठच्या 85 स्वारांनी जी काडतुसे नाकारली तीही जुन्या, ओळखीच्या जातीची होती, आणि तोवर दातांऐवजी हाताने कागद फाडण्याची सवलतही दिली गेली होती.

या शेवटच्या गोष्टीचा आधार घेऊन पुष्कळ इंग्रज लेखकांनी शिपायाच्या भीतीला भोळसटपणाचे नाव दिले, आणि आपल्याकडच्या लिखाणातही काडतुसांचे प्रकरण ‘ठिणगी’ या एका शब्दात गुंडाळून खऱ्या कारणांकडे वळण्याची रीत पडली. खरी कारणे मोठी होती, यात वाद नाही. अयोध्येचे राज्य खालसा झाले होते, भत्ते बुडाले होते, समुद्रापार चाकरीची सक्ती आली होती. परंतु शिपायाने विचारलेला प्रश्न भोळसट होता हे मला मुळीच मान्य नाही. जी वस्तू मी हातात धरणार, जिचा कागद मी दातांत धरणार, ती कशाची बनली आहे, हा प्रश्न कोणाही कारागिराचा व कोणाही ग्राहकाचा प्रश्न आहे. आज बिस्किटाच्या पुड्यावरील हिरव्या ठिपक्याच्या रूपाने आपल्या कायद्याने त्याच प्रश्नाला दाद दिली आहे, आणि त्यासाठी कोणी आपल्याला अडाणी म्हणत नाही. गाईची किंवा डुकराची चरबी त्या काडतुसांत होतीच, असे अचूक सिद्ध करता येत नाही. नव्हती, असेही त्या वेळी कोणाला शपथेवर सांगता आले नाही, आणि माझ्या मते सरकारचा अपराध या दुसऱ्या वाक्यात आहे.

व्यासाची कथा याहून कमी सांगितली जाते. याच युद्धकाळात 0.568 इंचाच्या गोळ्या उष्ण हवेत काजळलेल्या नळ्यांतून ठासताना अडू लागल्याच्या तक्रारी वाढल्या, आणि पुढे इंग्रजांनी गोळीचा व्यास 0.55 इंचावर आणला व वंगणातील मेणाचा वाटा वाढवला. मेणाचे वंगण या देशाचे ऊन सोसते, हे ज्ञान लष्करी खात्याला अखेर झाले. फक्त ते अगोदर कोणा देशी कारागिराला विचारून झाले नाही. चांभार, सोनार, ओतारी, ज्यांचा मेणाशी आणि चरबीशी रोजचा व्यवहार, अशी माणसे प्रत्येक छावणीच्या बाजारात हाकेच्या अंतरावर होती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. काडतूस हा शब्ददेखील आपण पोर्तुगीजांकडून घेतला आणि इतका आपलासा केला की त्याचे परकेपण आठवत नाही. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 पासून आपल्या पुण्याच्या उंबऱ्याशी उभा आहे आणि मराठी कामगारांच्या पिढ्या त्यात घडल्या आहेत. अशा प्रांतातील शाळेच्या पुस्तकात 1857 च्या प्रकरणाला एन्फिल्डच्या काडतुसाचे एक छेदचित्र का असू नये, ज्यात दारू कोठे, गोळी कोठे, वंगण कोठे आणि दात कोठे लागत, हे मुलाला एका दृष्टिक्षेपात कळेल? विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मधून त्या वर्षाच्या वाटा आणि माणसे मुलांना कळतात, वस्तूही कळल्या पाहिजेत. आणि आपल्या वस्तुसंग्रहालयांत, जेथे त्या काळच्या बंदुका काचेआड पडून आहेत, तेथे काचेबाहेर एक लाकडी ताट ठेवावे, त्यात एक खडा मधमाशांच्या मेणाचा आणि एक चरबीचा असावा, आणि मे महिन्याच्या दुपारी आलेल्या मुलांना दोन्ही बोटांनी दाबून पाहू द्यावेत.