वंशावळीतून गळालेल्या आत्या

जात पडताळणीसाठी आम्ही आजवर कितीतरी कुटुंबांच्या वंशावळी शपथपत्रावर लिहून दिल्या. पणजोबाचे नाव, आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला, १९५० पूर्वीची एखादी नोंद, सारे जुळवून घेतले. त्या कागदावर लग्न होऊन गेलेली आत्या सहसा नसते, आजीचे माहेर तर नसतेच. समितीला बापाकडचे नाते हवे असते. पण याच घरात आत्या कशाने गेली असे विचारले, की उत्तर येते, "छातीत गाठ होती म्हणे." वय कोणालाच आठवत नाही.

हे 'म्हणे' महागात पडते. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणांचा आजार आनुवंशिक असतो. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकात दोष असेल, तर तो प्रत्येक मुलात वा मुलीत उतरण्याची शक्यता निम्मी. तो आईकडूनच येतो असे नाही, बापाकडूनही येतो. बाप ठणठणीत असतो, म्हणून त्याच्या बहिणीचा आजार कोणी मोजत नाही. वंशावळीतून वगळलेली आत्याच इथे पहिला पुरावा ठरते!

दोष असणे म्हणजे कर्करोग झालाच, असे नव्हे. म्हणून चाचणीआधी समुपदेशन हवे. समुपदेशक तीन पिढ्यांचा तक्ता काढतो, शक्यतो आधी रुग्णाची चाचणी करवतो, मग नातेवाइकांची. दोष निघालेल्या स्त्रीवर लवकर लक्ष ठेवता येते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात ही सोय आहे, पण ती जिल्हा रुग्णालयातही मिळाली पाहिजे. पूर्वजन्मीचे पाप आम्ही १९५६ सालीच नागपुरात सोडून आलो. सुनेचा पायगुण काढणारी घरे मात्र अजून आहेत.

चाचणीचा कागद मुलीच्या लग्नाआड किंवा विम्याआड येईल, ही भीती खोटी नाही. अमेरिकेने २००८ साली कायदा करून नोकरी व आरोग्यविम्यात असा भेदभाव रोखला. आयुर्विमा मात्र त्यातून सुटला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदाच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली जनुकीय आजार सरसकट वगळणारी विम्याची अट कलम १४ विरुद्ध ठरवली, पण ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ साली कायदा होऊ शकतो, तर यांच्यासाठी का नाही? आमच्या आमदार-खासदारांनी सभागृहात हे विचारावे.

तोवर समाजबांधवांनी एक करावे. पुढच्या वेळी वंशावळ काढाल तेव्हा एका कोऱ्या पानावर आत्या, मावश्या आणि दोन्ही आज्याही लिहा. कोणता आजार, कोणत्या वयात. ते पान समितीला द्यायचे नाही, डॉक्टरांना दाखवायचे आहे.