अण्णा, अ‍ॅम्प आणि बारा इंची स्पीकर

शुक्रवारची संध्याकाळ. तुम्ही ऑफिसवाले लोणावळ्याला किंवा अलिबागला निघालेले असता. मी मात्र मुंबई-गोवा हायवेवर एसटीच्या खिडकीत, मांडीवर मल्टीमीटर घेऊन! तिकीट पोलादपूरचं, आणि तिथून जीपने घाट चढून कुडपण.

"कुडपण? भीमाच्या काठीचा धबधबा ना? पण आत्ता तर पाऊसही नाही!" मैत्रिणीने फोनवर विचारलं. तिचंही बरोबर आहे. ट्रेकवाल्या पब्लिकला कुडपण आठवतं ते पावसाळ्यात. माझं तसं नाही. ते आमचं गाव आहे. आणि गावच्या घराच्या माळ्यावर मला हवी असलेली एक वस्तू गेली कित्येक वर्षं पडून होती. अण्णांचा सेट.

अण्णा म्हणजे माझे मोठे काका. दिवसा लालबागच्या गिरणीत, संध्याकाळी चाळीत रेडिओ रिपेअरिंग, असा त्यांचा तेव्हाचा डबल रोल. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, लांबला, आणि अण्णा गावी परतले. येताना चोरबाजारातून एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, एक कर्णा आणि लाकडी स्पीकरची पेटी घेऊन आले. मग पुढे दहा-बारा वर्षं आसपासच्या गावांत लग्न असो, पालखी असो की भजन, लाऊडस्पीकर अण्णांचा!

दोन ईएल ८४ आणि एक फ्रेडी

आता मला तो सेट कशाला हवा होता? सांगते. मी गिटार वाजवते. बरी वाजवते. लॅपटॉपमधल्या एका सॉफ्टवेअरमध्ये जगातले पन्नास भारी अ‍ॅम्प क्लिकवर मिळतात, आणि मी त्यात खूशही होते. मग एका मित्राच्या प्रॅक्टिस रूमवर खराखुरा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजवला आणि बॉस, काम तमाम! तार हळू छेडली की आवाज स्वच्छ. जोरात मारली की तोच आवाज गुरगुरायला लागतो. मध्ये कुठलंही बटण नाही. ट्रान्झिस्टर मर्यादेबाहेर गेला की सिग्नलचा माथा कापल्यासारखा सपाट करतो. व्हॉल्व्ह तोच माथा हळूहळू गोल करत नेतो. कानाला गोड लागतो तो हा गोलवा.

नवा विकत घ्यायचा तर बजेटबाहेर. मग म्हटलं, स्वतः बांधू! तसंही गिटार अ‍ॅम्पचा इतिहास म्हणजे रिपेअरवाल्यांचा इतिहास आहे. अमेरिकेतल्या लिओ फेंडरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लंडनच्या जिम मार्शलचं ड्रम्सचं दुकान. त्याच्या माणसांनी १९६२ मध्ये फेंडरचा 'बासमन' समोर ठेवून पहिला मार्शल बांधला. म्हणजे आमचे अण्णा थोडक्यात हुकले!

माळ्यावरून सेट खाली काढला तेव्हा चासी गंजून गेली होती. कुडपणचा पाऊस म्हणजे महाबळेश्वरचा सख्खा शेजारी, लोखंडाला सोडत नाही. पेटीतल्या दहा इंची स्पीकरचा कागद बुरशीने खाल्लेला. पण धूळ पुसल्यावर काचेवर अक्षरं दिसली: बीईएल. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स. १९६० च्या दशकात या सरकारी कंपनीने रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनवायला सुरुवात केली होती. आवाज वाढवणारे दोन ईसीसी ८३ आणि शेवटी ताकद लावणारे दोन ईएल ८४.

ईएल ८४ वाचलं आणि मी उडालेच. 'क्वीन'चा ब्रायन मे ज्या व्हॉक्स एसी ३० मधून वाजवतो, त्यात हेच व्हॉल्व्ह असतात. चार. आणि त्याच 'क्वीन'चा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, शिकला कुठे? आमच्या डोंगरापलीकडे, महाबळेश्वरच्या पुढे, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत! 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळेतल्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. योगायोग म्हणा, पण मला तेवढा पुरेसा होता.

अण्णांना विचारलं, "यातले पार्ट काढून नवा बांधू का?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भंगारवाला तीनदा येऊन गेला, दिला नाही. तुला देतो. पण फुकट दिला असं समजू नकोस. वाजला पाहिजे."

एक हात खिशात

त्या वीकेंडला अण्णांनी माझी शिकवणी घेतली. नियम पहिला: व्हॉल्व्ह सेटच्या आत तीनशेच्या वर व्होल्ट खेळत असतात, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये ते बसून राहतात. आधी रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामा करायचा, मीटरने खात्री करायची, मगच बोट घालायचं. नियम दुसरा: चालू सेटमध्ये काही मोजायचं तर एक हात खिशात, म्हणजे करंट छातीतून आरपार जात नाही. नियम तिसरा: पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड. साधा फिलामेंटचा बल्ब सेटच्या लाईनमध्ये जोडायचा. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर पेटून मंद झाला तर देव पावला.

अण्णांचा सेट लावला. बल्ब भगभगीत. पॉवर ट्रान्सफॉर्मर गेलेला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र मीटरवर जिवंत निघाला, ४, ८ आणि १६ ओहमच्या टोकांसकट. "हाच खरा जीव," अण्णा म्हणाले. "व्हॉल्व्ह मिळतील. हा असा परत नाही मिळायचा."

खरंच मिळतात. आज व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा रशियन माल अडकला आणि जगभरच्या गिटारवाल्यांची झोप उडाली होती. पॉवर ट्रान्सफॉर्मर मी मुंबईत नव्याने वाइंड करून घेतला. लॅमिंग्टन रोडवरून नवे कंडेन्सर, रेझिस्टर, सॉकेट्स घेतले. अ‍ॅल्युमिनियमची नवी चासी. पुढचे सहा रविवार सोल्डरिंगच्या धुरात!

कानाने निवडायची गोष्ट

आणि मग खरी परीक्षा: स्पीकर. सगळे व्हॉल्व्हबद्दल बोलतात, पण तुमच्या कानाशी जे शेवटी बोलतं ते कागदाचं आहे. अ‍ॅम्प माझा साधारण पंधरा वॅटचा. मित्राच्या रूमवर तीन बारा इंची स्पीकर रांगेत मांडले.

पहिला, मंडपवाल्यांकडचा शंभर वॅटचा. दणकट आणि स्वस्त. साधा आवाज ठीक, पण अ‍ॅम्प गुरगुरायला लागला की वर माश्या घोंगावल्यासारखी खरखर. दोष त्याचा नाही. गाण्याचा स्पीकर जे येईल ते जसंच्या तसं ऐकवायला बनवलेला असतो. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं गिळून टाकतो, आणि त्या खरखरीचं घर तिथेच असतं. म्हणजे तो स्पीकर कमी, गाळणी जास्त!

दुसरा, मित्राचा लाडका सेलेशन ब्लू. आत अल्निकोचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचं चुंबक. एसी ३० मधला हाच तो. काय घंटेसारखा वाजतो! पण कोबाल्ट महाग म्हणून स्पीकर महाग, आणि झेपतात त्याला फक्त पंधरा वॅट. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प फुल्ल सोडला की लिहिलेल्या वॅटच्या वर जातो. एसी ३० मध्ये दोन ब्लू मिळून भार वाटून घेतात. माझ्याकडे एकालाच जागा.

तिसरा, सेलेशन ग्रीनबॅक. साध्या सिरॅमिक चुंबकाचा, पंचवीस वॅटचा. चमक कमी, पण मधल्या पट्टीत एक खर्जाची धग. ब्लूची सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबल, याची ९८. आता हा आकडा छोटा समजू नका. तीन डेसिबलचा फरक म्हणजे अ‍ॅम्पचे वॅट दुप्पट केल्यासारखं! पण मी राहते फ्लॅटमध्ये. शेजारच्या काकूंचा विचार करता दोन डेसिबल कमीच बरे. दोन लेखांचं मानधन घातलं आणि सेकंडहँड ग्रीनबॅक घरी आणला, ८ ओहमचा. अण्णांच्या पेटीची फक्त पुढची फळी बदलली, बाकी लाकूड तेच.

आणि मग मी माती खाल्ली

एका रात्री अकरा वाजता अ‍ॅम्प चालू केला. आवाज नाही. व्हॉल्यूम वाढवला, तार जोरात मारली. तरी नाही. पण चासीतून बारीकशी टिक टिक ऐकू आली, आणि माझ्या पोटात गोळा आला. स्पीकरची पिन निघालेली!

तुमच्या होम थिएटरचा स्पीकर काढला तर काही बिघडत नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचं उलटं आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला पुढे स्पीकरचा भार लागतोच. तो नसेल तर सिग्नलची ताकद जायला जागा उरत नाही, आतल्या तारांमध्ये व्होल्टेज भरमसाट चढतं आणि इन्सुलेशन फाडून ठिणग्या पडतात. नेमका तोच ट्रान्सफॉर्मर, जो अण्णा म्हणाले परत नाही मिळायचा.

स्विच बंद करून मी जमिनीवर बसून राहिले. सकाळी गावी फोन लावला आणि खरं ते सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. अण्णा म्हणाले, "मी पण एकदा केलं होतं. ऐन लग्नात. कर्ण्याची वायर बैलाने तोडली. मीटर लाव, रडू नको."

मीटर लावला. सिरीजचा बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. वाचला! त्याच दिवशी पिनला घट्ट लॉक बसवून घेतलं.

अंगणात

म्हणून ही शुक्रवारची एसटी. शेजारच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेली पेटी.

शनिवारी संध्याकाळी अंगणात एक्स्टेंशन ओढलं. अण्णांचा पहिला हट्ट: "कर्णा लाव." लावला, १६ ओहमच्या टोकाला. सुरुवातीला भारदस्त रिफ वाजवली आणि ऐकू आली ती एसटी स्टँडवरची अनाउन्समेंट! गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, आणि कर्णा खाली जेमतेम अडीच-तीनशेपर्यंतच उतरतो. माणसाचं बोलणं दोन वाड्यांपलीकडे पोचवायला बनवलेली वस्तू ती. त्या कामात त्याला तोड नाही. अण्णा पोट धरून हसले. खूप दिवसांनी.

मग अ‍ॅम्प बंद केला, ८ ओहमच्या टोकाला पेटी जोडली, पुन्हा चालू केला. अर्ध्या मिनिटाने व्हॉल्व्ह केशरी झाले. अण्णांना हल्ली ऐकू कमी येतं. ते खुर्ची सरकवून जवळ आले आणि पेटीच्या माथ्यावर तळहात ठेवून बसले. मी वाजवत राहिले. काय वाजवलं ते महत्त्वाचं नाही. फार चांगलं नव्हतं.

थांबल्यावर म्हणाले, "बेस जरा कमी कर. फळी थरथरते."

मी कमी केला. त्यांनी हात काढला नाही.

ट्राय करायचंय?

• स्पीकरचे ओहम अ‍ॅम्पच्या टोकाशी जुळलेच पाहिजेत. ८ ला ८.
• एकच स्पीकर असेल तर अ‍ॅम्पच्या वॅटच्या दीडपट ते दुप्पट वॅटचा घ्या.
• वॅट बघण्याआधी डेसिबल बघा. आणि डेसिबल बघून झाले की कान लावा.
• स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालू करायचा नाही. कधीच नाही!
• पहिला अ‍ॅम्प एकट्याने बांधू नका. तीनशे व्होल्ट माफ करत नाहीत. घरात, चाळीत, ओळखीत एखादे अण्णा असतात. शोधा.