हिरवळीवरून टँकर जाताना

दोस्तांनो, शाळेत किंवा सोसायटीत पाण्याचा टँकर येतो आणि टाकी असते नेमकी हिरवळीच्या पलीकडे! मग टँकर खुशाल गवतावरून जातो. चाकांच्या खोल चाकोऱ्या उमटतात. मोठी माणसं म्हणतात, "त्यात काय, गवतच ते! येईल पुन्हा."

गवत येईलही. पण खरी इजा होते ती खाली, मातीला. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते. त्या बारीक बारीक पोकळ्यांत हवा आणि पाणी असतं. मुळं तिथूनच श्वास घेतात. जड भार पडला की पोकळ्या चेपतात. मग पाणी मुरत नाही, मुळं खोल जात नाहीत आणि जमीन दगडासारखी होते. तिथे कबड्डी खेळताना गुडघे कोणाचे फुटतात? तुमचेच ना!

चला, हिशोब करू. १०,००० लिटर पाणी म्हणजे १० टन. गाडीचं वजन धरून १५ टन समजा. सहा चाकांवर सारखी वाटणी केली तर एका चाकावर अडीच टन. चाक जमिनीला टेकतं साधारण ५०० चौरस सेंटिमीटरवर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो भार!

आता चाकाखाली ८ बाय ४ फुटांची जाड प्लायवूडची फळी टाका. ती थोडी वाकते, म्हणून तिचा पाव भागच कामी आला असं धरू. मागची दोन जोडचाकं एकदम तिच्यावर आली, तरी दाब एका किलोच्या आत येतो. वजन तेवढंच, फक्त ते पसरलं!

खोटं वाटतं? ओल्या मातीत एका टाचेवर उभे राहा. मग शेजारी जुना पाट ठेवून त्यावर उभे राहा. दोन्ही खुणा बघा.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. टँकर येणार असेल तर आदल्या दिवशी हिरवळीला पाणी घालू नका. ओली माती फार लवकर चेपते. वळण गवतावर नको, पक्क्या रस्त्यावरच घ्यायला सांगा. जागच्या जागी वळणारं चाक गवत मुळासकट उपटतं. काम झालं की फळ्या लगेच उचला, नाहीतर खालचं गवत पिवळं पडेल.

आणि चाकोऱ्या पडल्याच तर? रोलर मुळीच फिरवू नका! तो क्रिकेटच्या खेळपट्टीला हवा, कारण ती मुद्दाम घट्ट करायची असते. इथे माती थोडी वाळली की बागकामाच्या काट्याने भोकं पाडा, वाळूमिश्रित माती भरा आणि पाणी द्या. हरळी असेल तर पेरापेरातून फुटून जागा भरून काढील.

मात्र फळ्या मांडण्याचं काम मोठ्यांचं. गाडी हलत असताना तुम्ही लांबच उभे राहायचं. हिशोब तेवढा त्यांना तुम्ही समजावून सांगा!