संगणकाला झीट येते तेव्हा

मिक्सर बंद पडला तर आपण काय करतो? प्लग नीट बसलाय का बघतो, भांडं काढून परत लावतो, तळाचं लाल बटण दाबून बघतो. दुकानात न्यायची वेळ त्यानंतर येते. पण संगणक बंद पडला, की आपण हात मागे घेतो आणि “अहो, बघा ना जरा!” म्हणून मोकळ्या होतो. मीही तेच करत असे. या उन्हाळ्यात मात्र मला पदर खोचावा लागला. त्याचीच ही हकीकत.

आम्ही जळगावचे. एप्रिलमध्ये इथे काय ऊन असतं ते खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको. आमचा संगणक सात वर्षांचा. मुलांचा अभ्यास, यांचे हिशेब आणि मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेचे मार्क, सगळं त्याच्यावर. नववीच्या निकालाचे तक्ते भरत बसले होते आणि एकदम पडदा काळा! पंखा थांबला, दिवा गेला. परत सुरू केला, वीस मिनिटांनी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी निराळंच. निळा पडदा, त्यावर इंग्रजीत काहीतरी, आणि आपोआप पुन्हा सुरू.

यांनी दुकानात नेला. तिथल्या मुलाने पाच मिनिटं बघून सांगितलं, “काकू, मदरबोर्ड गेला. यात पैसे घालू नका, नवीनच घ्या.” नवीन म्हणजे तीस हजार! पण माझ्या पोटात गोळा आला तो पैशांनी नाही. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाइलवर घेऊन संगणकात ठेवल्या होत्या. मोबाइल नंतर बिघडला. आता त्या फक्त या एका पेटीत होत्या.

म्हणून पहिली गोष्ट तीच सांगते. संगणक झीट येऊन पडू लागला, की दुरुस्ती नंतर, आधी आपला ऐवज बाहेर काढा. फोटो, मुलांची प्रमाणपत्रं, हिशेब जे असेल ते बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. एकदम सगळं घेऊ नका, सर्वांत मोलाचं आधी. मी सकाळी सहाला उठून ओव्या उतरवून घेतल्या. एकदाही बंद पडला नाही. तिथेच मनात आलं, सकाळी का नाही पडत?

आपल्या मुलाला ताप आला की डॉक्टर काय विचारतात? कधी येतो, थंडी वाजून येतो का, काय खाल्लं होतं? मी जुन्या वहीत तशीच नोंद सुरू केली. तारीख, वेळ, सुरू करून किती मिनिटं झाली, काय चाललं होतं, आणि कसा पडला. निळ्या पडद्यावरच्या अक्षरांचा मोबाइलने फोटो काढला. (विंडोज 11 मध्ये हा पडदा 2025 पासून काळा दिसतो, पण अक्षरं असतातच.) संगणक स्वतःही अशी वही ठेवतो बरं का! शोधायच्या चौकटीत ‘रिलायबिलिटी’ असं इंग्रजीत लिहिलं, की दिवसवार तक्ता उघडतो. ज्या दिवशी बिघाड झाला तिथे लाल फुली असते.

आठ दिवसांत वहीने सांगितलं ते असं. एकदम विझणं दुपारीच व्हायचं. निळा पडदा मात्र कधीही यायचा, आणि त्यावरचं नाव दर वेळी वेगळं. म्हणजे दुखणं एक नव्हतं, दोन होती!

दुपारचं दुखणं आधी धरलं. संगणकाचा मेंदू फार तापला, की जळू नये म्हणून तो स्वतःच सगळं बंद करतो. पण तापतो कशाने? प्लग काढला, सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली आणि कॅबिनेटची बाजूची पाटी उघडली. आत काय दिसावं? पंख्याखालच्या जाळीवर कापसाची चक्क गादी! शेजारीच सासूबाई रोज वाती वळतात. शिवाय धूळ बसू नये म्हणून कॅबिनेटला मीच हौसेने शिवलेला झालरीचा अभ्रा! मागचं तोंड झाकलेलं, गरम हवा जाणार कुठून? सासूबाईंना दाखवलं, तर म्हणाल्या, “माझा कापूस आणि तुझी झालर, दोघींनी मिळून त्याचा गळा दाबला गं!”

कोरड्या, मऊ ब्रशने जाळी साफ केली. साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. ओलं फडकं आत नेऊ नका. आणि जिथे विजेची जाड वायर शिरते, ती पत्र्याची बंद पेटी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून पाटावर ठेवलं, आणि अभ्रा शिलाई मशीनवर गेला. दुपारचं विझणं थांबलं.

यांनी लगेच म्हटलं, “आता ती निळी भानगडही जाईल.” गेली नाही. पण एका वेळी एकच उपाय केल्यामुळे कोणत्या उपायाने काय गेलं ते मला कळलं होतं. पोट दुखतं म्हणून एकाच दिवशी तिघांची औषधं घेतली, तर गुण कोणाचा हे कसं समजणार?

दर वेळी नवीन नाव घेऊन पडदा येत असेल, तर आधी रॅमवर संशय घ्यावा. रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती आठवण, लांबट पट्ट्या. विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ नावाची तपासणी आहे. ती लावली, की संगणक पुन्हा सुरू होऊन आठवण तपासतो. आमच्याकडे दोष निघाला. पट्ट्या दोन होत्या. प्लग काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून (अंगातली स्थिर वीज उतरते) एक पट्टी काढली आणि चार दिवस चालवला. मग तिच्या जागी दुसरी लावली. दुसरीवर पहिल्याच संध्याकाळी निळा पडदा! सोनेरी कडा पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसून पाहिल्या, उपयोग झाला नाही. ती बदलली. तीस हजारांचं काम दोन हजारांच्या आत झालं.

तुमच्या घरी कारण वेगळं असू शकेल. म्हणून थोड्या खुणा देते:

• नवीन प्रिंटर किंवा एखादा प्रोग्रॅम घातल्यापासून पडतो, आणि पडद्यावर नाव तेच ते येतं: तो काढून बघा.
• सुरू व्हायला फार वेळ, फाइल उघडत नाही, आतून टकटक आवाज: हार्डडिस्क थकली. त्याच दिवशी ऐवज काढा.
• घरचे दिवे लुकलुकले की बंद पडतो: यू.पी.एस.ची बॅटरी आणि भिंतीतला सॉकेट तपासा.
• लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, तळाची भोकं बुजतात. त्याची बॅटरी फुगून बटणांची पाटी उचलली गेली असेल, तर चार्जिंग बंद करा आणि थेट दुकान गाठा.
• जळका वास आला की प्लग काढा. तिथे आपली हुशारी नको.

दुरुस्तीवाल्याकडे जावंच लागलं तर वही घेऊन जा. मी रॅम घ्यायला त्याच दुकानात गेले आणि वही पुढे केली. मुलगा पानं उलटत राहिला, मग ओशाळून म्हणाला, “काकू, असं लिहून आणलं असतं तर मीही नवीन घ्या म्हटलं नसतं.” त्याचंही खरं होतं. पाच मिनिटांत त्याला काय दिसणार? संगणक दुपारी पडतो हे घरात राहणाऱ्यालाच कळतं, आणि दुपारी घरात आपणच असतो.

ओव्या आता तीन ठिकाणी आहेत. एक पेनड्राइव्ह कपाटात, दागिन्यांच्या डब्यात आहे. तुमचं असं काय काय एकाच पेटीत अडकलंय, ते आज जेवणं आटोपल्यावर एकदा बघाच!